मागचे पाय अधू झालेल्या कुत्र्याची लघवी गळते : इलाज नेमका कशाचा करायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. गुंड्या आमचा डॅशंड, वय सहा, मुक्काम फुलेवाडी. उन्हाळ्याच्या अखेरीस पाठीतली गादी सरकली आणि मागचे दोन्ही पाय एकदम गेले. औषधं, पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती, मग व्यायाम असं करत पाय बरेचसे परत आलेत. झोकांड्या खातो, पण अंगणभर फिरतो. लघवीचं मात्र काहीच सुधारलेलं नाही. झोपेत गळते, उचलून घेतलं की गळते, भुंकला तरी गळते. बाहेर नेलं की बराच वेळ कुंथतो, चार थेंब येतात, आणि घरात पाऊल टाकलं की फरशी ओली.

भेटेल तो "गळती थांबवायची गोळी" सांगतोय. एकांनी त्यांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला लागू पडलेली सांगितली, दुसऱ्यांनी माणसांची, प्रोस्टेटवरची. दोन्हींची माहिती वाचली तर एक मूत्रमार्ग आवळणारी आणि दुसरी सैल करणारी निघाली. एकाच तक्रारीवर दोन उलटी औषधं कशी काय चालतील?

मला वाटतं गळणं हे नुसतं लक्षण आहे आणि खरी गडबड मणक्यात आहे. मग इलाज पिशवीचा करायचा, झडपेचा करायचा, की नसांचा? आणि ते ठरवायचं कसं? ज्यांनी हे घरी निभावलंय त्यांनी सविस्तर लिहा. "आता सोडून द्या" असं कृपा करून कुणी लिहू नका. तो पोटभर खातो, खेळतो, गल्लीत रिक्षा वळली की घरात सगळ्यात आधी त्याला कळतं.

पेठेतला_पैलवान

ताई, पयलं गुंड्याला आमच्याकडनं एक पापा. पाय परत आणलंसा हेच लई मोठं काम झालंय.

औषधातलं मला कळत न्हाई, पण एक सांगतो. तालमीत कुणाची कंबर धरली की आमचं वस्ताद पाय बघायच्या आधी इचारायचं, "लघवी होत्या का रं?" होत न्हाई म्हटलं की मालिश बंद, थेट दवाखाना. माणसाला जे लागू त्येच कुत्र्याला असणार. गळतंय म्हणजे होतंय असं धरून बसू नका.

निवृत्त_पशुवैद्य

पैलवान, तुमच्या वस्तादांना नमस्कार सांगा. त्यांनी विचारलेला प्रश्नच या धाग्याचं अर्धं उत्तर आहे.

रानजाईताई, मूत्राशयाला दोन कामं असतात, साठवणं आणि रिकामं होणं. साठवताना भिंत सैल आणि झडप आवळलेली असते, रिकामं होताना याच्या बरोबर उलट. हा ताळमेळ मेंदूच्या बुंध्यातून ठरतो, तो हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो आणि कमरेच्या खालच्या त्रिक भागातून निघणाऱ्या नसा तो मूत्राशयापर्यंत नेतात. त्यामुळे इजा कुठे झाली यावर पुढचं सगळं ठरतं.

इजा त्रिक भागाच्या वर असेल (डॅशंडमध्ये गादी बहुतेक वेळा छाती आणि कंबर जिथे मिळते तिथे सरकते) तर खालच्या नसा शाबूत असतात, फक्त वरचा हुकूम पोचत नाही. मग झडप आवळलेलीच राहते. पिशवी भरत जाते, हाताला टणक लागते, दाबली तरी सहज रिकामी होत नाही. आतला दाब झडपेला भारी पडला की थेंब थेंब बाहेर येतं.

इजा त्रिक भागातच किंवा तिथून निघणाऱ्या नसांना झाली असेल तर भिंत सैल आणि झडपही सैल. पिशवी मऊ लागते, जरा दाबलं की धार लागते. शेपूट लोंबते, गुदद्वाराला बोट लावलं तर ते आकसत नाही.

घरच्यांना दोन्हीकडे दिसतं ते एकच, ओली फरशी. म्हणून आधी तपासणी. गुंड्याला बाहेर नेऊन जितकी होईल तितकी लघवी करू द्या आणि लगेच सोनोग्राफी करून आत किती उरली ते बघायला सांगा. निरोगी कुत्र्यात जवळपास काहीच उरत नाही, वजनाच्या किलोमागे अर्धा मिलीलिटरसुद्धा नाही. कुंथतो आणि चार थेंब येतात या तुमच्या वर्णनावरून मला ती तुंबलेली पिशवी वाटते. पण हात लावल्याशिवाय निदान करायचं नाही.

कृष्णाकाठ

डॉक्टरकाकांचं पहिलं चित्र कोल्हापूरकरांना सहज कळेल. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हणजे धरण रिकामं झालं असं कुणी म्हणतं का? ते काठोकाठ भरलंय म्हणून पाणी येतं.

रानजाई

@कृष्णाकाठ, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे ते बिचारं दिवसभर फुगून बसतंय." दोन दिवस "सारखं कसं होतं ह्याला" म्हणत होत्या, आता त्याच्या पोटावरून हात फिरवत बसल्यात.

डॉक्टर, मग त्या दोन गोळ्यांचं काय?

निवृत्त_पशुवैद्य

लॅब्रॅडॉर कुत्रीची गोळी बहुधा फिनाइलप्रोपॅनोलामीन असावी. गर्भाशय काढलेल्या माद्यांची झडप काही वेळा ढिली पडते आणि झोपेत लघवी जाते. मणक्याशी त्याचा संबंध नसतो आणि तिथे हे औषध उत्तम काम करतं. तुंबलेल्या नराला तेच दिलं तर आधीच आवळलेली वाट आणखी आवळेल.

प्रोस्टेटवरची म्हणजे टॅम्सुलोसिन. त्याच जातीचं प्रॅझोसिन आपल्याकडे जास्त वापरतात. ही मूत्रमार्गाचा आतला, आपल्या ताब्यात नसलेला स्नायू सैल करतात. बाहेरची झडप ऐच्छिक स्नायूची असते, तिच्यासाठी कधी कधी डायझेपाम देतात. मांजरांना मात्र तोंडावाटे डायझेपाम शक्यतो टाळतात. क्वचित काही मांजरांचं यकृत त्यानं निकामी होतं आणि ते जिवावर बेततं.

तिसरं औषध बेथेनेकॉल. पिशवी फार दिवस ताणलेली राहिली तर भिंतीतल्या स्नायूंची आपसातली जोडणी ढिली पडते आणि ती आकुंचनच पावत नाही. तिला चालना द्यायला हे. पण वाट मोकळी झाल्याची खात्री नसताना हे द्यायचं नाही. पुढे बंद आणि मागून जोर अशा अवस्थेत पिशवी फुटू शकते. मूत्रमार्गात खडा असेल तर तेच.

मात्रा मी इथे लिहिणार नाही. वजन, रक्तदाब, मूत्रपिंड पाहून ती ठरते.

आडवाटे

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आपण लगेच रसायनांकडे धावतो. आमच्या शेतावरच्या कुत्र्याची कंबर गेली होती तेव्हा गोखरूचा काढा दिला, संध्याकाळी पाच नंतर पाण्याचं भांडं उचललं, आणि रात्रीचं ओलं होणं निम्म्यावर आलं. साधा उपाय आधी करून बघायला काय हरकत आहे? डायपर बांधून जनावराला बाळ करणंही मला पटत नाही.

सह्याद्रीवारा

@आडवाटे, पाणी तोडण्याला माझा ठाम विरोध आहे. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, पिशवीत आधीच शिल्लक राहणारी लघवी आणखी वेळ साचते, जंतुसंसर्गाला आणि खड्यांना आयतं आमंत्रण मिळतं. रात्रीची गादी कोरडी दिसते एवढंच.

आणखी एक. गुंड्याला स्टेरॉइड चालू आहे का? त्यानं प्रचंड तहान लागते आणि लघवी दुपटीनं होते. आमच्या बीगलचं पुण्यात मणक्याचं ऑपरेशन झालं, त्याआधी स्टेरॉइड चालू असताना घरात पूर आला होता. औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवलं तेव्हा तो ओसरला. अशा वेळी भांडं उचललं तर शरीरातलं पाणी घटून दुसरंच काही व्हायचं. आणि स्टेरॉइड चालू असताना वेदनाशामक गोळी सोबत देऊ नये, आतड्याला जखमा होतात. माणसांचं कॉम्बिफ्लाम तर मुळीच नाही.

निवृत्त_पशुवैद्य

सह्याद्रीवारा यांना अनुमोदन. गोखरू मूत्रल समजला जातो, म्हणजे लघवी वाढवणारा. वाट आवळलेली असताना लघवी वाढवून उपयोग काय? आडवाटे, तुमच्या कुत्र्याला बरं वाटलं याचा आनंद आहे. गादीच्या दुखण्यातून बरीच कुत्री विश्रांतीनंच सुधारतात, आणि पायांत बळ आलं की लघवीचा ताबाही बहुधा मागोमाग येतो.

आडवाटे

विश्रांतीचा मुद्दा मान्य, आमचं कुत्रं महिनाभर गोठ्यात बांधूनच होतं. पाण्याचं भांडं आता कुणाला उचलायला सांगणार नाही. डायपरबद्दल मात्र मत तेच आहे, ते दिवसभर बांधून ठेवू नये.

सह्याद्रीवारा

आता हाताने लघवी काढण्याबद्दल, कारण रानजाईताईंना बहुधा तेच शिकावं लागणार आहे. आधी डॉक्टरांकडून समोर उभं राहून शिकून घ्या, त्यांच्या हातावर आपला हात ठेवून. वाचून हे येत नाही.

आम्ही असं करतो. कुत्र्याला उभं करायचं, पोटाखाली टॉवेलची झोळी, म्हणजे मागच्या पायांवर भार येत नाही. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे. बोटं सपाट ठेवायची, टोकं रुतवायची नाहीत. पिशवी हाताला लागली की दोन्हीकडून सारखा, हळूहळू वाढणारा दाब द्यायचा, आणि दिशा शेपटीकडे. धार सुरू झाली की दाब तसाच धरून ठेवायचा. थांबली की सोडून, क्षणभर थांबून, पुन्हा. सुरुवातीला तो पोट कडक करतो. तेव्हा ओढाताण नको, बोलत राहायचं, श्वास सोडला की पोट सैल होतं.

पिशवी टणक आहे आणि थेंबही येत नाही, तर जोर लावायचा नाही. सरळ दवाखाना, तिथे कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घालतात. दिवसातून तीन-चार वेळा, साधारण सहा ते आठ तासांच्या अंतरानं काढावी लागते. आम्ही वेळा घरात वाटून घेतल्या आहेत. पहाटेची बाबांची, कारण ते तसेही काकड आरतीला उठतात.

मांजरमावशी

इथं मांजरवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते.

राजारामपुरीत आमच्या बोळात एका बोक्याची शेपटी दुचाकीच्या चाकात सापडली. हाड मोडलं नव्हतं, चालत होता, पण शेपटी लुळी आणि लघवी ठिबकत होती. शेपटीला हिसका बसला की मणक्याच्या टोकाच्या नसा ताणल्या जातात आणि त्याच नसांच्या शेजारून मूत्राशयाच्या नसा जातात. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी चिमटा घेऊन बघितलं, त्याला कळलं, आणि त्या म्हणाल्या की आशा आहे. मुळाशीच संवेदना नसेल तर कठीण असतं. महिनाभरात ताबा आला नाही तर नंतर येण्याची शक्यता फार कमी राहते असंही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तोवर पिशवी हातानं रिकामी ठेवायची. आमच्या बोक्याला ताबा आला. शेपटी मात्र काढावी लागली, ती नुसतीच ओढली जात होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोका सारखा कुंथतोय आणि काही येत नाही, तर "नसांचं असेल" म्हणून घरी पिशवी दाबू नका. बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, त्यात खर किंवा बुच बसून तो बंद पडतो. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं, एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्री दोनला झालं तरी डॉक्टरांना उठवा.

आणि मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

तांबडी_माती

मी रंकाळ्याच्या बाजूला रस्त्यावरची कुत्री बघते, त्यामुळे माझा प्रश्न जरा वेगळा आहे. पाठीवरून गाडी गेलेली कुत्री घरी आणून ठेवतो. जून लागला की खरी लढाई माश्यांशी. ओल्या कातडीवर माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात, आणि मागच्या भागाला संवेदना नसल्यामुळे कुत्रं चाटत नाही, ओरडत नाही, आपल्याला कळतच नाही. त्यामुळे पावसाळ्यात रोज शेपटीखाली, मांडीच्या आत, लिंगाच्या कातडीच्या टोकाशी बघायचंच. केस बारीक कापून ठेवायचे. जखमेत टर्पेंटाइन ओतणारे लोक अजून भेटतात, त्यानं मांस भाजतं. केस काढून, सलाईनच्या पाण्यानं धुऊन, चिमट्यानं अळ्या काढायच्या आणि अळ्या मारायचं औषध डॉक्टरांकडून घ्यायचं.

दुसरं, ज्या पिल्लांना डिस्टेंपर होऊन गेलाय त्यांच्यातही हे दिसतं. ताप, नाक गळणं बरं होतं आणि नंतर पाय झटकणं, तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं सुरू होतं. यावर काही करता येतं का, डॉक्टर?

निवृत्त_पशुवैद्य

डिस्टेंपरच्या विषाणूवर थेट औषध नाही. मज्जारज्जूला जेवढी इजा झाली तेवढी सांभाळत जगवायचं, आणि मूत्राशयाचे नियम वर लिहिले तेच. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस दिले तर ही वेळ सहसा येत नाही.

तुमच्यासाठी एक कळकळीची सूचना आहे. रस्त्यावरचं, लस न झालेलं कुत्रं अचानक लुळं पडलं, लाळ गाळतंय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, तर पहिला संशय रेबीजचा घ्यायचा. प्रत्येक वेळी ते चवताळलेलंच असतं असं नाही, लकव्याच्या रूपातही रेबीज येतो. तोंडात हात घालून "काही अडकलंय का" बघू नका. लाळ जखमेला लागली तर साबण-पाण्यानं, डोळ्यात गेली तर नुसत्या स्वच्छ पाण्यानं, पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस. तुम्ही हे काम नेहमी करता, तेव्हा स्वतःचे प्रतिबंधक डोस आधीच घेऊन ठेवा.

इचलकरंजीकर

डायपरचा खर्च बघून आमच्याकडं वेगळीच सोय केली. यंत्रमागावरचं उरलेलं सुती कापड गावात किलोवर मिळतं. चार पदरी घड्या शिवून घेतल्या, खाली जुन्या रेक्झिनचा तुकडा. ओलं झालं की बदलायचं, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा इस्त्री फिरवायची.

बाहेर जाताना डायपर बांधतोच. माणसांच्या लहान बाळांचा, शेपटीसाठी भोक पाडून. नरासाठी पोटाभोवतीचा पट्टा सोपा पडतो. पण @आडवाटे यांचं एक खरं आहे, डायपर बांधून तासन्‌तास विसरणं वाईट. कातडी लाल होते, मग सोलते. प्रत्येक बदलाला कोमट पाणी, टिपून कोरडं, आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. बाळांच्या रॅशवरची पांढरी क्रीम लावू नका, तिच्यात झिंक ऑक्साइड असतं आणि कुत्रं चाटून पोटात घेतं, ते विषारी आहे.

पेठेतला_पैलवान

अवांतर : उद्यमनगरात आमच्या एका दोस्ताचं वर्कशॉप हाय. त्यानं एका पामेरियनला मागं दोन चाकांची गाडी करून दिली. अॅल्युमिनियमचा पाइप, लहान पोरांच्या सायकलीची चाकं, पट्ट्यावर मऊ फोम. आता ती कुत्री मंगळवार पेठेत असली सुसाट पळत्या की गल्लीतली पोरं मागं पडत्यात. मापं पाहिजेत तर सांगा.

कृष्णाकाठ

@पेठेतला_पैलवान, मापं द्याच. आमच्या जर्मन शेफर्डसाठी हवीत. त्याला मज्जारज्जूचा हळूहळू झिजण्याचा आजार आहे, डीजनरेटिव्ह मायलोपथी. दुखत नाही, पण पाय मागून पुढे जात जात निकामी होतात. त्यावर बरं करणारं औषध नाही. व्यायामानं चाल जास्त दिवस टिकते. लघवीचा ताबा यात शेवटच्या टप्प्यात जातो, सध्या फक्त कधी कधी उठताना सांडते.

मात्र या जातीत शेफर्डवाल्यांनी एक गोष्ट पारखून घ्यावी. कमरेच्या शेवटच्या सांध्यात नसा दाबल्या जाणं हाही आजार त्यांच्यात होतो, वरवर सारखाच दिसतो, पण तो दुखतो आणि त्याला ऑपरेशन आहे. आमच्याकडं एमआरआय झाल्यावरच फरक कळला. वय झालंय म्हणून सगळं एकाच नावावर ढकलू नका.

२०१९ च्या पुरात याला पाठीवर घेऊन माडीवर चढवलं होतं. तेव्हा तो चालता होता, आता जिना माझाच आधार घेऊन चढतो.

पेठेतला_पैलवान

पाठीची लांबी (खांद्यापासनं शेपटीच्या मुळापर्यंत), मागच्या पायाची उभ्यानं उंची, मांड्यांच्या मधली रुंदी, आन वजन. एवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शेफर्डला चाकं मोठी लागतील. आन पट्टा असा बसवायचा की लघवीची जागा मोकळी राहिली पायजे, पामेरियनच्या येळी दोस्तानं ते दोनदा बदललंवतं.

स्पष्टच_लिहितो

रानजाईताईंनी मना केलंय आणि गुंड्याबद्दल मी ते लिहीतही नाही. पण हा धागा पुढेही लोक शोधून वाचतील, म्हणून लिहितो. आमच्या म्हाताऱ्या कॉकर स्पॅनियलचं दुखणं मणक्यातल्या गाठीचं होतं. शेवटी वेदना औषधांना दाद देईना, तिनं खाणं सोडलं, बसल्या जागी जखमा झाल्या. तेव्हा आम्ही डॉक्टरांच्या हातून तिला शांतपणे जाऊ दिलं. ते प्रेमानंच केलं. मात्र केवळ लघवी गळते म्हणून कुणी हा निर्णय घेऊ नये, हे मी तेवढ्याच जोरात सांगेन. गळती घरात सांभाळता येते, वरचे सगळे प्रतिसाद त्याचेच आहेत.

मांजरमावशी

@स्पष्टच_लिहितो, पूर्ण पटलं. आमच्या डॉक्टर विचारतात, "खातं का, ओळखतं का, दुखतंय का?" लघवीचा प्रश्न त्यानंतर येतो.

तांबडी_माती

संसर्गाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही अजून. आमच्याकडच्या प्रत्येक लुळ्या कुत्र्याला कधी ना कधी होतोच. दर वेळी अँटिबायोटिक सुरू करायचं का?

निवृत्त_पशुवैद्य

नाही. लघवी शिल्लक राहते तिथे जंतू सापडणारच. नुसते जंतू सापडले आणि बाकी काही त्रास नाही, तर सहसा औषध देत नाहीत, नाहीतर पुढे कुठलंच औषध लागू पडत नाही. अडचण अशी की या जनावरांना जळजळ जाणवत नाही, त्यामुळे ती सांगत नाहीत. म्हणून आपण बघायचं. वास बदलला, लघवी गढूळ झाली, रक्त दिसलं, ताप आला, खाणं कमी झालं, किंवा बरी चाललेली गळती एकदम वाढली, तर कल्चर करायचं. नमुना जमिनीवरचा किंवा डायपरमधला नको. पोटातून बारीक सुईनं थेट पिशवीतला घेतात, सोनोग्राफी लावून ते सोपं जातं. कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू ते कळल्यावर तेच, आणि ठरवून दिलेले सगळे दिवस.

रानजाई

मंडळी, सोनोग्राफी झाली. अंगणात लघवी करवून लगेच नेलं होतं, तरी पिशवी भरलेली दिसली. भिंत जाड झालीये. शेपटीखाली बोट लावल्यावर स्नायू व्यवस्थित आकसला, म्हणजे खालच्या नसा शाबूत आहेत. डॉक्टरकाकांचा अंदाज बरोबर निघाला, वाट आवळलेली आहे आणि वरून वाहतंय. खडा नाही हेही बघितलं. स्टेरॉइड केव्हाच बंद झालंय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

प्रॅझोसिन सुरू केलंय. पिशवी हातानं कशी काढायची ते डॉक्टरांनी शिकवलं, सह्याद्रीवारा म्हणाले तसाच त्यांच्या हातावर हात ठेवून. आमच्या ह्यांच्या हाताला ते पटकन जमलं. कल्चरला नमुना दिलाय. बेथेनेकॉलचा विचार भिंतीची ताकद बघून नंतर करू म्हणाले. गरज वाटली तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायची चिठ्ठी देतो असंही म्हणाले, ते पुण्याच्या रस्त्यावरच आहे त्यामुळे नेणं अवघड नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. गुंड्याची गळती थांबवायची नाहीये, त्याची पिशवी रिकामी करायची आहे. आता विचारायचं ते एवढंच : प्रॅझोसिनवर असताना लक्ष कशावर ठेवू? आणि हे कधीपर्यंत?

निवृत्त_पशुवैद्य

छान झालं. प्रॅझोसिन मुळात रक्तदाब उतरवणारं औषध आहे. गोळीनंतर तो मलूल दिसला, उभं राहताना कोसळला, हिरड्या फिक्या वाटल्या तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. मणक्यामुळे झोकांड्या खाणं आणि रक्तदाब पडून कोसळणं यात गल्लत होऊ शकते, म्हणून गोळीच्या आधीची चाल मोबाइलवर टिपून ठेवा.

एक वही घाला. हातानं काढायच्या आधी त्याला स्वतः करू द्या, धार कशी होती ते लिहा, मग उरलेली काढून मोजपात्रात मोजा. उरणारा आकडा आठवड्यागणिक खाली येत असेल तर ताबा परत येतोय. मग डॉक्टर गोळी हळूहळू कमी करतील. वजनाच्या किलोमागे तासाला एक-दोन मिलीलिटर लघवी तयार होते, त्यावरून हिशेब लागतो. दिवसभरात फारच कमी निघाली तर ती आतच राहिली असं समजायचं.

गोळी बंद केल्यावरही काही दिवस मोजत राहा. आणि उडी मारू देऊ नका, सोफ्यावरूनसुद्धा नाही. डॅशंडची दुसरी गादी सरकायला तेवढं पुरतं.

इचलकरंजीकर

रानजाईताई, शनिवारी कोल्हापुरात येतोय. शिवलेल्या घड्यांचं गाठोडं तुमच्यासाठी बांधून ठेवलंय. फुलेवाडीत कुठं पोचवू ते व्यनि करा. @तांबडी_माती, तुमच्याकडच्या कुत्र्यांसाठीही आणतो, किती लागतील ते सांगा.

तांबडी_माती

असतील तेवढ्या. पाऊस थांबायला अजून वेळ आहे.